एक होडी, दोन संकेतव्यवस्था : हौशी व तांत्रिक पाणबुड्यांच्या सहप्रवासातील अर्थभेद

वऱ्हाडात समुद्र नाही. अमरावती व अकोला जिल्ह्यांतील माणसाला खोल पाण्याची ओळख होते ती नदीच्या डोहावरून, बांधीव विहिरीवरून आणि अलीकडच्या काळात मोर्शीजवळील ऊर्ध्व वर्धा किंवा महान येथील काटेपूर्णा यांसारख्या जलाशयांवरून. या पाण्यात उतरणाऱ्या भोई, ढीवर इत्यादी समाजांतील जाणत्या माणसांची सारी विद्या ‘दम’ या एका शब्दात सामावलेली आहे. छाती भरून श्वास घ्यावयाचा, तो धरावयाचा, तळ चाचपावयाचा आणि दम तुटण्यापूर्वी वर यावयाचे. सप्टेंबर २०२१ मध्ये वरुड तालुक्यात वर्धा नदीत नाव उलटून ११ जण मृत्युमुखी पडले. अशा दुर्घटनांनंतर शोधासाठी जी माणसे नदीवर जमतात, त्यांत गावचे पोहणारे असतात, शासनाची आपत्ती प्रतिसाद दले असतात आणि अकोला जिल्ह्यातील पिंजर येथील संत गाडगेबाबा आपत्कालीन शोध व बचाव पथकासारखी स्वयंसेवी पथकेही असतात. दम धरून बुडी मारणारा आणि पाठीवर सिलिंडर बांधून उतरणारा हे दोघे एकाच होडीच्या काठावर शेजारी बसावेत, असा प्रसंग तेथे येतो.

या दोघांच्या शास्त्रांत एका मुद्द्यावर पूर्ण विरोध आहे. पाण्यात दर १० मीटर खोलीला सुमारे एक वातावरण इतका दाब वाढतो. पृष्ठभागावर घेतलेला श्वास खाली जाताना आकुंचन पावतो व वर येताना पूर्ववत होतो. त्यामुळे दम धरणाऱ्याच्या फुप्फुसांना वर येताना धोका नसतो. सिलिंडरमधून घेतलेला श्वास मात्र भोवतालच्या दाबानेच आत आलेला असतो. १० मीटरवर घेतलेला असा श्वास कोंडून कोणी वर आला, तर पृष्ठभागापर्यंत त्याचे आकारमान दुप्पट होऊ पाहते आणि फुप्फुस फाटू शकते. म्हणून सिलिंडरवाल्याच्या शिक्षणातील पहिला नियम ‘श्वास कधीही कोंडू नये’ हा होय. आता मराठीत ‘जरा दम धरा’ याचा रूढ अर्थ ‘थोडे थांबा, घाई करू नका’ असा आहे. पाण्याशी ज्याचा काहीही संबंध नाही असा मनुष्यही तो शब्दप्रयोग दिवसातून चारदा करतो. घाबरलेल्या नवशिक्याला धीर देण्यासाठी सोबत्याने सद्भावाने म्हटलेले हे वाक्य त्या क्षणी त्याला शब्दशः घ्यावेसे वाटले, तर त्या वाक्याचा वाच्यार्थच प्राणघातक ठरतो. एकच उक्ती एका पाणबुड्याची विद्या, दुसऱ्याचा निषिद्ध आचार आणि तिसऱ्याचा केवळ शिष्टाचार असते. प्रस्तुत लेखाचा विषय अशा प्रकारच्या अर्थभेदांचा आहे.

वऱ्हाडातील तरुण आता स्कूबासाठी मोठ्या संख्येने मालवण-तारकर्लीस जातात. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ स्कूबाच्या पर्यटकांना घेऊन परतणारी होडी उलटली व दोघांचा अंत झाला. त्यांपैकी एक अकोल्याचा होता. त्या दुर्घटनेचा पुढे येणाऱ्या भाषिक चर्चेशी कार्यकारणसंबंध नाही. परंतु अशा होडीत कोण बसते हा प्रश्न अमरावती-अकोल्याला परका राहिलेला नाही, एवढे त्यावरून कळावे. तारकर्लीस महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची पाणबुडे घडविणारी संस्था आहे. तथापि सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात उतरणाऱ्यांपैकी बहुसंख्य लोक आयुष्यात प्रथमच, शिक्षकाच्या हाताला धरून, उथळ पाण्यात उतरणारे असतात. ही परिस्थिती काहीशी पालटण्याची चिन्हे आहेत. भारतीय नौदलाने २०२४ मध्ये सेवेतून निवृत्त केलेली ‘गुलदार’ ही युद्धनौका २०२५ मध्ये महामंडळाकडे सुपूर्द केली. निवतीच्या खडकांजवळ ती समुद्रतळावर बसवून जलांतर्गत संग्रहालय व कृत्रिम प्रवाळस्थान निर्माण करावे, अशी त्यामागील योजना आहे. बुडालेले जहाज हे जगात सर्वत्र दोन प्रकारच्या पाणबुड्यांना एकाच होडीत आणते : जहाज बाहेरून पाहून परतणारे आणि त्याच्या अंतर्भागात शिरून दीर्घकाळ राहू इच्छिणारे.

पहिल्यांना येथे ‘हौशी’ व दुसऱ्यांना ‘तांत्रिक’ म्हटले आहे. ‘हौशी’ हा शब्द सर्वस्वी समाधानकारक नाही, कारण तांत्रिक पाणबुडाही बहुधा स्वतःच्या हौसेने व पदरमोड करूनच खाली जातो. भेद हेतूचा नसून परतीच्या मार्गाचा आहे. हौशी पाणबुडा सामान्यतः ४० मीटरच्या मर्यादेत आणि एवढाच वेळ खाली राहतो की, कोणत्याही क्षणी तो सावकाश, पण थेट, पृष्ठभागावर येऊ शकेल. हा अवधी खोलीबरोबर झपाट्याने घटतो : प्रचलित कोष्टकांपैकी एकानुसार १८ मीटरवर ५६ मिनिटे, तर ३० मीटरवर केवळ २०. तांत्रिक पाणबुडा ही मर्यादा जाणूनबुजून ओलांडतो. त्याच्या शरीरात इतका नायट्रोजन विरघळलेला असतो की, वर येताना ठरावीक खोल्यांवर ठरावीक मिनिटे थांबून तो बाहेर पडू द्यावाच लागतो. हे थांबे टाळले तर वायूचे बुडबुडे रक्तात व ऊतींत तयार होऊन पक्षाघात किंवा मृत्यू ओढवू शकतो. त्याच्या डोक्यावर जणू अदृश्य छत असते. शिवाय तो एकच वायू वापरीत नाही. खोल पाण्यासाठी हेलियममिश्रित ट्रायमिक्स, थांब्यांसाठी अधिक प्राणवायूचे नायट्रॉक्स व शेवटी शुद्ध प्राणवायू, असे तीन-चार सिलिंडर त्याच्या अंगावर असतात.

हे दोघे एका होडीत का येतात, याचे उत्तर साधे आहे : होडीचे भाडे. तांत्रिक पाणबुडे संख्येने थोडे असतात. दोघा-चौघांनी संपूर्ण होडी घेणे परवडत नाही. तेव्हा होडीवाला उरलेल्या जागा हौशी मंडळींना देतो. मग वेळापत्रक जुळवावे लागते. तांत्रिक गट सकाळी ९ वाजता उतरला व त्याचा एकूण अवधी ८० मिनिटांचा असला, तर हौशी गटाला २० मिनिटांनी सोडून ४५ मिनिटांत वर घेणे सोयीचे; म्हणजे हौशी मंडळी १० वाजून ५ मिनिटांनी होडीवर येतात व आणखी १५ मिनिटे वाट पाहतात. कागदावर हे सुबक दिसते. प्रत्यक्षात ओहोटी लागून प्रवाह वाढतो, थांब्यांवर लोंबकळणारे तांत्रिक पाणबुडे प्रवाहाबरोबर एका दिशेला वाहत जातात, हौशी दुसरीकडे वर येतात आणि तांडेलाला एकाच वेळी दोन ठिकाणी होडी न्यावीशी वाटते. त्या वेळी तो जे पाहतो ती केवळ चिन्हे असतात : एक हात, एक रंगीत बोया, पाण्यावरचे बुडबुडे.

ब्रोनिस्लाव मालिनोव्स्की या मानववंशशास्त्रज्ञाने १९२३ साली ऑग्डेन व रिचर्ड्स यांच्या अर्थविषयक ग्रंथाला जोडलेल्या निबंधात ट्रोब्रियांड बेटांवरील नावाड्यांची व कोळ्यांची उदाहरणे घेऊन असे प्रतिपादन केले की, तेथील उक्ती विचाराचे प्रतिबिंब नसून कृतीचा अवयव असते आणि प्रसंगापासून तोडली असता तिला अर्थ उरत नाही. आपल्या विद्यार्थ्यांना हा सिद्धान्त परीक्षेपुरता ठाऊक असतो. पाणबुड्यांच्या होडीत तो शब्दशः खरा ठरतो, आणि त्याला सोस्यूरच्या एका कल्पनेची जोड द्यावी लागते : चिन्हाला स्वतःचे मूल्य नसते, ते व्यवस्थेतील इतर चिन्हांच्या संबंधाने प्राप्त होते. दोन व्यवस्थांत एकच चिन्ह असेल, तर मूल्ये दोन असतात. चिन्हे निरनिराळी असती तर ऐकणारा निदान थबकला असता, विचारता झाला असता. सारखेपणामुळे तो विचारीत नाही.

सर्वांत परिचित उदाहरण अंगठ्याचे. उभा अंगठा मराठी परंपरेत ‘ठेंगा’ आहे, म्हणजे नकार व कुचेष्टा. दूरध्वनीच्या पडद्यावर वाढलेल्या पिढीला तोच अंगठा ‘छान’ असे सांगतो. पाण्याखाली त्याचा अर्थ या दोन्हींहून वेगळा : ‘वर चला.’ ‘सर्व ठीक’ हे सांगण्यासाठी तर्जनी व अंगठा जोडून वर्तुळ करावे लागते. येथपर्यंतचा भेद नवशिक्याला पहिल्याच दिवशी शिकविला जातो. परंतु शिकलेल्यांमध्येही भेद उरतोच. हौशी पाणबुड्याला अंगठा दिसला म्हणजे तो सोबत्यासह पृष्ठभागाची वाट धरतो, वाटेत ५ मीटरवर तीन मिनिटे खबरदारीचा थांबा घेतो आणि गरज पडल्यास तोही सोडून देतो. तांत्रिक पाणबुड्याला तोच अंगठा ‘बुडी संपली, परतीचा आराखडा सुरू’ असे सांगतो. तो आराखडा ४० मिनिटांचाही असू शकतो. दोघेही ‘वर’ हाच अर्थ सांगतील. परंतु ‘वर’ या पदाचा अर्थ एकाकडे स्थळाचा आहे व दुसऱ्याकडे क्रमाचा.

हाताचे दुसरे उदाहरण पृष्ठभागावरचे आहे व ते पर्यटकांच्या दृष्टीने अधिक गंभीर. पाण्यावर तरंगणाऱ्याने हात उंचावून हालविणे हा पाणबुड्यांच्या संकेतात संकटाचा इशारा होय. अकोल्याहून आलेला तरुण वर येतो, होडीत बसलेल्या आत्याला व भावंडांना पाहून आनंदाने हात हालवितो. अनुभवी तांडेल हसतो व दुर्लक्ष करतो, कारण असे हात त्याने शेकडो पाहिलेले असतात. नेमके हे दुर्लक्षच संकेताचा क्षय होय. त्याच होडीचा एखादा तांत्रिक पाणबुडा दूर अंतरावर खरोखर हात हालवील, तेव्हा त्या चिन्हाचे मूल्य आधीच घसरलेले असते.

परत बोलाविण्याच्या इशाऱ्याबाबत हा प्रश्न अधिकच बिकट होतो. होडीवर काही आपत्ती आली, वादळ दिसले किंवा कोणी बेशुद्ध पडले, तर इंजिनाचा वेग कमीजास्त करून अथवा शिडीवर धातूचा ठोका मारून पाण्याखालील लोकांना बोलाविण्याची पद्धत आहे. हौशी गटासाठी ही आज्ञा आहे व ती पाळता येते. तांत्रिक गटातील ज्याचे ३५ मिनिटांचे थांबे शिल्लक आहेत, त्याच्या दृष्टीने ती पाळता न येणारी आज्ञा आहे. तो ती ऐकून वर आला नाही, तर तांडेलाला तो अवज्ञा करीत आहे की बुडाला आहे हे कळत नाही. आणि भाबडेपणाने आला, तर रुग्ण एकाचे दोन होतात. व्याकरणात आज्ञार्थ हा एकच असतो, परंतु आज्ञेचे पालन शक्य असणे हा आज्ञार्थाच्या प्रयोगाचा गृहीत भाग आहे, ही गोष्ट आपल्या व्याकरणग्रंथांत क्वचितच बोलली जाते. सुज्ञ होडीवाले म्हणून तांत्रिक गटाशी वेगळा ठराव करतात : ठोका म्हणजे ‘वर या’ नव्हे, ‘होडी कदाचित येथून हलेल, बोया सोडा व आपले थांबे पुरे करा’.

बोयाचीही तीच गत. थांब्यावर असलेला पाणबुडा आपले ठिकाण कळविण्यासाठी दोरीला बांधलेला फुगवता येणारा बोया वर सोडतो. अनेक तांत्रिक गटांत असा रिवाज आहे की, तांबडा वा नारिंगी बोया म्हणजे ‘येथे आहे, ठीक आहे’ आणि पिवळा बोया म्हणजे ‘अडचण आहे, मदत पाठवा’. कधी त्याच्या दोरीला लिहिलेली पाटीही असते. हौशी पाणबुडा मात्र दुकानात जो रंग मिळेल तो घेतो, व पिवळा चांगला दिसतो म्हणून पुष्कळदा पिवळाच घेतो. एकट्या हौशी गटाच्या होडीत यात काहीच वावगे नाही. मिश्र होडीत मात्र पिवळा रंग अर्थगर्भ आहे की अर्थशून्य, हे पाहणाऱ्याला समजण्याचा मार्ग नसतो.

परंतु या सर्वांत बोधप्रद उदाहरण एका संख्येचे आहे. सिलिंडरवर मोठ्या अक्षरांत ‘२१’ लिहिलेले आहे असे समजू. नायट्रॉक्स वापरणाऱ्या हौशी पाणबुड्याच्या परंपरेत सिलिंडरवरील आकडा प्राणवायूचे शेकडा प्रमाण सांगतो : ३२ म्हणजे ३२ टक्के, आणि २१ म्हणजे साधी हवा. सर्वांत निरुपद्रवी सिलिंडर. तांत्रिक परंपरेतील एका मान्य पद्धतीत मात्र तोच आकडा मीटर सांगतो : या सिलिंडरमधून २१ मीटरपेक्षा खाली श्वास घेऊ नये. हा आकडा ५० टक्के प्राणवायूच्या मिश्रणावर लिहिला जातो. शुद्ध प्राणवायूवर ‘६’ असतो. प्राणवायूचा आंशिक दाब १.६ वातावरणाच्या वर गेल्यास आचके येण्याचा धोका असतो, व पाण्याखाली आचके म्हणजे तोंडातील नळी सुटून बुडणे. ५० टक्क्यांचे मिश्रण ३० मीटरवर, म्हणजे चार वातावरणांच्या दाबाखाली घेतले, तर आंशिक दाब २ होतो. होडीच्या एकाच कठड्याला दोन्ही गटांची सिलिंडरे बांधलेली असताना ‘२१ वाले घे’ एवढे सांगणे पुरेसे वाटते. वाचणारा साक्षर आहे, आकडा स्पष्ट आहे, अक्षर सुवाच्य आहे. चूक वाचनात नाही, वाचनाच्या व्यवस्थेत आहे. एकक लिहिले असते, ‘टक्के’ किंवा ‘मीटर’, तर संदिग्धता राहिली नसती. परंतु प्रत्येक समूह आपल्यापुरते ते गृहीत धरतो व गाळतो. अध्याहार हा अंतर्गत व्यवहारात काटकसरीचा गुण आहे, समूहाच्या सीमेवर तो सापळा होतो.

येथे मोर्शी तालुक्यातील रिद्धपूरची आठवण होणे साहजिक आहे. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहिले. त्यांचे संकेत पंथीयांनाच ठाऊक असत व इतरांना ते ग्रंथ शतकानुशतके वाचता आले नाहीत. तेथे बाहेरच्यास वाचता येऊ नये हाच हेतू होता, आणि न वाचता आल्याने कोणाचे प्राण गेले नाहीत. होडीतील ‘२१’ ही हेतूवाचून घडलेली सांकेतिक लिपी आहे, व तिचा दोष असा की ती सर्वांना वाचता येते.

मराठी भाषकांच्या होडीत आणखी एक गुंता आहे, जो इंग्रजी भाषकांना नाही. आपल्याकडे ‘हवा’ या शब्दाने वातावरणातील हवा, ऋतुमान आणि सिलिंडरमधील श्वसनवायू या तिन्हींचा बोध होतो. ‘हवा खराब आहे’ असे तांडेल म्हणतो तेव्हा आकाश भरून आले आहे. पाणबुडा म्हणतो तेव्हा सिलिंडरला तेलाचा वास येत आहे व कदाचित त्यात इंजिनाचा धूर मिसळला आहे. पहिल्या प्रसंगी होडी परत न्यावी, दुसऱ्या प्रसंगी ते सिलिंडर बाजूस ठेवावे. ‘हवा संपली’ हे वाक्य हौशी पाणबुड्याच्या तोंडी संकट आहे, तर तांत्रिक पाणबुडा आपल्या मिश्रणांना ‘हवा’ म्हणतच नाही. तो ‘गॅस’ म्हणतो, कारण त्याच्या पाठीवर हवा नसतेच. गृहिणीच्या ‘गॅस संपला’ या तक्रारीशी त्याचे वाक्य जुळते आणि त्यावर होडीत हमखास विनोद होतो. विनोदाला हरकत नाही. पण संज्ञा ठरविताना ‘हवा’ हा शब्द ऋतुमानासाठी राखून श्वसनासाठी ‘गॅस’ हाच रूढ शब्द दोन्ही गटांनी स्वीकारणे अधिक शहाणपणाचे दिसते. ‘श्वसनमिश्रण’ यासारखी घडीव संज्ञा कागदावर शोभेल, होडीत कोणी उच्चारणार नाही.

यावर उपाय म्हणून उतरण्यापूर्वीचे निवेदन सुचविले जाते व ते सर्वत्र होतेही. तांडेल किंवा शिक्षक उभा राहून सूचना देतो, मंडळी मान हालवितात. परंतु मान हालविणे हे आकलनाचे चिन्ह नसून ऐकल्याचे चिन्ह आहे. वर्गात शिकविणाऱ्यास हे वेगळे सांगावयास नको. मिश्र होडीत निवेदन एकाने करून भागत नाही. प्रत्येक गटातील एकाने आपले संकेत दुसऱ्या गटाला सांगावेत आणि दुसऱ्याने ते स्वतःच्या शब्दांत परत म्हणून दाखवावेत. विशेषतः पिवळ्या बोयाचा अर्थ, ठोक्याचा अर्थ, सिलिंडरवरील आकड्याचे एकक, आणि कोण किती वाजता वर येणार हे. चौथी गोष्ट तर पाटीवर लिहूनच ठेवावी. ‘आम्ही उशिरा येऊ’ या वाक्यातील ‘उशीर’ हौशी माणसाच्या मनात दहा मिनिटांचा असतो. तांत्रिक गट उतरल्यावर ७५ मिनिटे झाली म्हणजे होडीत कुजबूज सुरू होते, कोणीतरी किनाऱ्यावर दूरध्वनी करावा म्हणते; पाटीवर ‘९ ते १०.२० : अपेक्षित, १०.३५ नंतर : चिंता’ असे लिहिलेले असेल तर कुजबूज करण्याचे कारण उरत नाही, आणि १०.३५ ला खरोखर कृती करण्याचे धैर्यही येते. नदीवरील शोधकार्यातही दम धरणाऱ्याला व सिलिंडरवाल्याला एकमेकांचा अवधी ठाऊक असणे असेच आवश्यक आहे. एकाच्या बाबतीत तीन मिनिटे गडप होणे म्हणजे अनर्थ, दुसऱ्याच्या बाबतीत ती सुरुवात. गावच्या पोहणाऱ्याने सिलिंडरवाल्याकडून तळाशी एक घोट श्वास घेऊन नेहमीच्या सवयीने दम धरून वर येणे, हा प्रकार तर उतरण्यापूर्वीच स्पष्ट शब्दांत निषिद्ध ठरविला पाहिजे.

होडी किनाऱ्याला लागल्यावरही हा अर्थभेद संपत नाही. मालवणहून वऱ्हाडकडे येणाऱ्या वाहनाला सह्याद्री ओलांडावा लागतो, व आंबोलीची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर आहे. बुडीनंतर सुमारे ६०० मीटरवरील उंची गाठण्यापूर्वी एकदाच साधी बुडी मारणाऱ्याने निदान १२ तास, अनेक बुड्या मारणाऱ्याने १८ तास आणि थांब्यांची बुडी मारणाऱ्याने त्याहून बराच अधिक काळ, व्यवहारात २४ तास, थांबावे असा वैद्यकीय सल्ला दिला जातो. एकाच गाडीतून आलेले दोघे मित्र, एक हौशी व एक तांत्रिक, एकाच होडीत जातात आणि ‘संध्याकाळी निघू’ असे ठरवितात. त्यांपैकी कोणाची संध्याकाळ अभिप्रेत आहे, हा प्रश्न सकाळी सिलिंडर भरून घेतानाच विचारावा लागतो. घाटाच्या पायथ्याशी तो विचारण्याला फारसा अर्थ राहत नाही.